आयसीयूतल्या नर्सला पीटीएसडी झाला, तर थेरपीत नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयसीयूत बरीच वर्षं काम केलेल्या एका सिस्टरकडे दोन वर्षांपूर्वी एका रात्री नेहमीपेक्षा दुप्पट पेशंट होते. एकाच वेळी दोन बेडचे अलार्म वाजले. त्या एका बेडकडे धावल्या आणि दुसऱ्या बेडवरचा तरुण पेशंट गेला. तेव्हापासून झोपेत अलार्म ऐकू येतो, दचकून जाग येते. इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा) डोस चार-पाचदा तपासल्याशिवाय हात सुटत नाही. त्या बेडची ड्यूटी आली की त्या बदलून घेतात. "कामात मात्र कुणाची तक्रार नाही, उलट मी आता जास्त ड्यूट्या घेते," असंही त्यांनी लिहिलंय. समुपदेशकाने हा बर्नआउट असल्याचं सांगून सुट्टी आणि ध्यान सुचवलं. त्यांनी महिनाभर सुट्टी घेतली, तर त्रास वाढला. आता त्यांना विचारायचंय की हे नक्की काय आहे, थेरपीत ती रात्र पुन्हा सांगावी लागेल का, नोकरी चालू ठेवून हे जमेल का, आणि नवऱ्याला किती सांगायचं.

सिस्टर, जास्त ड्यूट्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबलो. पीटीएसडीत, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून राहणाऱ्या आघाताच्या आजारात, माणूस आठवण टाळतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. अपघात झालेला माणूस गाडी चालवणं सोडतो, ते सगळ्यांना दिसतं. तुम्हाला आयसीयू सोडता येत नाही, म्हणून तुमचं टाळणं कामाच्या आत घुसतं. सतत हाताला काम हवं, म्हणजे डोकं मोकळं राहायला नको. नातेवाइकांशी बोलायची वेळ आली की ज्युनियरला पुढे करायचं. डोस पुन्हा पुन्हा बघायचा. बाहेरून हे सगळं कर्तव्यदक्षता म्हणून दिसतं, वरिष्ठ कौतुकही करतात. म्हणूनच डॉक्टर आणि नर्स मंडळींचा हा आजार वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. थेरपीत माझं अर्धं काम हे कामसू टाळणं शोधून काढण्याचंच असतं.

आता बर्नआउटचं बघू. बर्नआउटमध्ये थकवा साचत जातो, कामाबद्दल तुटलेपणा येतो, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याला आजारात धरलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. तिथे सुट्टीने निदान थोडं तरी हलकं वाटतं. तुम्हाला सुट्टीत जास्त त्रास झाला, कारण काम हेच तुमचं आठवणीपासून लपायचं ठिकाण होतं आणि तेच काढून घेतलं गेलं. शिवाय बर्नआउटला एक ठरावीक रात्र नसते. तुमच्या बाबतीत ती आहे, तारखेसकट. दोन्ही एकत्र असू शकतात आणि पुष्कळदा असतात, पण उपचार वेगळे आहेत. पीटीएसडीवर नुसतं ध्यान आणि विश्रांती सुचवणं हा काही त्याचा मुख्य उपचार नव्हे.

निदान मी इथून करू शकत नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र तिकडे बोट दाखवतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात लक्षणांचे चार गट आहेत. नको असताना आठवण घुसणं, ती टाळणं, विचार आणि मनःस्थिती काळवंडणं (स्वतःला दोष देणं, आनंद न वाटणं, माणसांपासून तुटणं), आणि शरीर कायम सावध राहणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याने जगण्यात अडथळा आला, तर पीटीएसडी म्हणतात. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी असते, एकूण गुण ० ते ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले की नीट मुलाखत घेऊन तपासायला हवं. यादीवरून निदान होत नाही, पण दर आठवड्याला भरली तर उपचार चालतोय की नाही ते कळतं. गुण १० ते १५ ने उतरले तर काहीतरी खरंच हलतंय असं मी समजतो.

एक अडचण तुमच्या पेशातली. "पेशंट जाणं तर रोजचंच आहे, त्याचा काय आघात?" असं तुमच्यापैकी प्रत्येकजण पहिल्या भेटीत म्हणतो. बरोबरच आहे, प्रत्येक मृत्यू आघात नसतो. कॅन्सरचा म्हातारा पेशंट शांतपणे गेला तर वाईट वाटतं आणि माणूस पुढे जातो. रुतून बसतात ते वेगळे प्रसंग. अनपेक्षित गेलेला पेशंट, लहान मूल, आपल्या भावाच्या वयाचा कुणीतरी. दोन्ही हात भरलेले असताना झालेली घटना. नातेवाइकांनी केलेला हल्ला. आणि गंमत अशी (तिला गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की त्या प्रसंगातला सर्वात जहरी क्षण बहुतेक वेळा मृत्यूचा नसतोच. नंतर बॉडी बांधताना खिशातला मोबाइल वाजला आणि स्क्रीनवर 'आई' दिसलं, असला काहीतरी असतो. सीपीआरच्या (छाती दाबून हृदय चालू करण्याच्या) त्या वीस मिनिटांबद्दल माणूस सहज बोलतो आणि त्या मोबाइलपाशी त्याचा आवाज जातो.

आठवण अशी का वागते, याचं सर्वात उपयोगी स्पष्टीकरण मला आंके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रारूपात सापडतं. साधी आठवण मनात काळाच्या ओळीत बसते. ती अमुक वर्षीची, तेव्हा मी तिथे होते, मग असं झालं, आता ते संपलं. भीतीच्या टोकावर नोंदली गेलेली आठवण तशी बसत नाही. आवाज, वास, छातीतली धडधड असे तुकडे सुटे राहतात आणि त्यांच्यावर 'हे होऊन गेलं' असा शिक्का नसतो. त्यामुळे तसाच आवाज आला की शरीर ते आत्ता घडतंय असं धरून चालतं. त्यात आपण लावलेला अर्थ मिसळतो: "माझ्यामुळे गेला", "माझ्या भरवशावर कुणाला सोडू नये". या दोन्ही गोष्टी पक्क्या ठेवायचं काम आपल्या सावधगिरीच्या सवयी करतात. थेरपी या तिन्ही ठिकाणी हात घालते.

म्हणजे हो, ती रात्र सांगावी लागेल. हे मी गोड करून सांगत नाही. पण तुम्ही आजवर जशी सांगितली असेल तशी नाही.

आरोग्य क्षेत्रातला माणूस पहिल्यांदा प्रसंग सांगतो तो केस प्रेझेंट केल्यासारखा. एका डॉक्टरांचं उदाहरण देतो, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. "पेशंटचं सॅच्युरेशन ड्रॉप झालं. इंट्युबेशनचा प्रयत्न करण्यात आला. ब्रॅडिकार्डिया आला, सीपीआर सुरू करण्यात आला, रिव्हाइव्ह होऊ शकला नाही." सगळं 'करण्यात आलं'. करणारा माणूस वाक्यात कुठेच नाही. आवाज सपाट, चेहरा सपाट. मी विचारलं, तुमचे हात कुठे आहेत? ते थबकले. म्हणाले, छातीवर. काय जाणवतंय हाताला? बराच वेळ काही नाही. मग, "बरगडी मोडली. कट्ट झालं. मी दाबत राहिलो, कारण थांबायचं नसतं." इथून पुढे ते 'मी' म्हणू लागले आणि तिथून खरी थेरपी सुरू झाली. ती केस प्रेझेंट करण्याची पद्धत वाईट आहे असं नाही, ती तुम्हाला ड्यूटी संपेपर्यंत उभं ठेवते. पण तीच पद्धत रात्री घरी, आठवड्याने आणि वर्षाने वापरत राहिलं तर आठवण सुटीच राहते.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर या पद्धतीत, जी एड्ना फोआ यांनी घडवली, हेच शिस्तीत करतात. साधारण ८ ते १५ सेशन, प्रत्येक दीड तासापर्यंतचं. डोळे मिटून, वर्तमानकाळात, प्रथमपुरुषी एकवचनात प्रसंग सांगायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि त्याच सेशनमध्ये पुन्हा. मधे मधे थेरपिस्ट ० ते १०० मध्ये त्रास किती ते विचारतो. सेशनचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. पुढे पुढे सगळा प्रसंग न सांगता सर्वात जड दोन-तीन क्षणांवरच थांबतात. सुरुवातीच्या आठवड्यांत काही जणांचा त्रास थोडा वाढतो. वाढला म्हणजे थेरपी उलटली असं नाही. जखम वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पू असतो तेव्हा ती उघडून साफ करावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार. रेकॉर्डिंग झोपायच्या आधी मात्र ऐकू नका, आणि ड्यूटीला निघतानाही नाही.

आता दोषाबद्दल, कारण तुमचा मुख्य काटा तिथे आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय, "मी दुसऱ्या बेडकडे गेले असते तर तो वाचला असता." यावर आजवर सगळे तुम्हाला म्हणाले असतील की तुझी काही चूक नव्हती. त्याचा काडीचा उपयोग झाला नसेल. प्रशिक्षित माणसाला असलं सांत्वन पटत नाही. समोरच्याला आयसीयूतलं काही कळत नाही एवढंच त्यातून त्याला कळतं.

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (सीपीटी), पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सेशनची, या विचारांवरच बसते. तिथे सांत्वन करत नाहीत, प्रश्न विचारतात. तुमच्यासारख्या केसमध्ये मी कागदावर मिनिटांची रेघ ओढतो. अलार्म वाजले त्या क्षणी कोणत्या मॉनिटरवर काय दिसत होतं? तुमच्या जागेवरून दुसरा मॉनिटर दिसत होता का? कोणता आवाज जास्त तातडीचा होता? त्या क्षणाला तुमच्याकडे असलेल्या माहितीवर दुसऱ्या कुठल्या सिस्टरने काय निवडलं असतं? इथे बहुतेक जण म्हणतात, "मीच मॉनिटर दिसेल अशी उभी राहायला हवी होते." मग मी विचारतो, ही गोष्ट तुम्हाला तेव्हा माहीत होती की निकाल लागल्यावर कळली? शांतता पसरते. निकाल माहीत असताना मागे वळून पाहिलं की वाट स्पष्ट दिसते, पण उभं असताना ती दिसत नव्हती. हे नुसतं ऐकून पटत नाही, स्वतःच्या रात्रीवर मिनिटामिनिटाने लावून पाहिल्यावर पटतं. आणि दुसऱ्या बाजूचा एक प्रश्न मी हटकून विचारतो: ज्याच्याकडे तुम्ही धावलात त्याचं काय झालं? पुष्कळांनी दोन वर्षांत त्या दुसऱ्या पेशंटचा एकदाही विचार केलेला नसतो.

पण इथे सगळ्यात नाजूक गोष्ट येते. कधी कधी दोष खराच असतो, किंवा अंशतः खरा असतो. डोस चुकलेला असतो, फोन उशिरा केलेला असतो. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा डॉक्टर-नर्सना 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी, हे नाव दिलं. पेशंटच्या कुटुंबांना हे नाव रुचत नाही, आणि त्यांचा मुद्दाही मला पटतो. पण त्या अवस्थेकडे लक्ष त्याच नावाने वेधलं. दुसरा प्रकार असा, की चूक कुणाची नव्हती, पण जे करावं लागलं ते स्वतःच्या विवेकाला पटलं नाही. एकच व्हेंटिलेटर आणि दोन पेशंट. दरवाजाबाहेर नातेवाईक उभे आणि आत सोडता येत नाही. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी याला नैतिक जखम म्हटलं, पुढे ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. तिथे भीतीपेक्षा लाज आणि संताप पुढे असतो. अशा वेळी थेरपिस्टने घाईघाईने विचार 'दुरुस्त' करायला जाऊ नये. जबाबदारीचे वाटे करावे लागतात. तुमचा वाटा किती, ज्याने दुप्पट पेशंट दिले त्याचा किती, ज्याने जागा भरल्या नाहीत त्याचा किती, आणि आजाराचा किती. शंभरातून सगळ्यांचे वाटे काढून झाल्यावर उरतं ते तुमचं. तेवढं मात्र मान्य करायचं, पुसायचं नाही. त्याचं पुढे काय करायचं, कुणाला सांगायचं, वॉर्डात काय बदलायचं, हाही उपचाराचाच भाग आहे.

(यावरून एक राग सांगून टाकतो. कर्मचारी कमी असताना त्यांच्यासाठी तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवणाऱ्या व्यवस्थापनाला मी थेरपीचं श्रेय देत नाही. माझी थेरपी तुमची आठवण बरी करेल, तुमचा रोस्टर नाही. आणि रोस्टर तोच राहिला तर पुढची तशी रात्र येऊ शकते, हे लपवण्यात अर्थ नाही.)

नोकरी चालू ठेवून जमेल का? जमतं. माझा कल तर तिकडेच असतो, कारण लांबलचक रजेत टाळणं फोफावतं आणि परत येणं महिन्यागणिक अवघड होत जातं. फक्त ड्यूटी आणि थेरपी यांचा मेळ घालावा लागतो. सेशन ड्यूटीच्या आधी नको, नंतरही लगेच नको, सलग नाइटच्या मधे तर नकोच. थेरपीचे पहिले पाच-सहा आठवडे नाइट मिळणार नाही एवढं मेट्रनकडे मागता आलं तर मागा. कारण सांगायची गरज नाही, 'वैद्यकीय उपचार चालू आहेत' पुरे.

लोक मला विचारतात, मी रोज त्याच आयसीयूत जाते, रोज अलार्म ऐकते, मग सवय होऊन भीती गेली का नाही? कारण तुम्ही तिथे चिलखत घालून जाता. अलार्म वाजताच तुम्ही झटकन धावता, श्वास धरून ठेवता, पेशंटला पुन्हा पुन्हा हात लावून बघता. काही वाईट झालं नाही की मन हिशोब मांडतं: मी इतकी सावध होते म्हणून वाचलं. अलार्मचा आवाज स्वतः निरुपद्रवी आहे, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

हे सोडवण्याचे प्रयोग मात्र जबाबदारी अंगावर असताना करायचे नसतात. ही गोष्ट साध्या केसमध्ये नसते, तुमच्या केसमध्ये असते, आणि आयसीयू न पाहिलेला थेरपिस्ट इथे फसतो. "अलार्म वाजू द्या, लगेच जाऊ नका" असा गृहपाठ पेशंट समोर असताना कुणी दिला तर करू नका. त्याऐवजी अलार्मचं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन घरी ऐकायचं, बसून, काहीही न करता, त्रास उतरेपर्यंत. ट्रेनिंगच्या मॅनिकिनपाशी (सरावाच्या पुतळ्यापाशी) उभं राहायचं. ड्यूटी नसताना सहकारी सिस्टरला सोबत घेऊन त्या रिकाम्या बेडपाशी जायचं आणि तिथे वेळ काढायचा. तिथे उभं असताना मोठ्याने म्हणायचं की तेव्हाचं काय वेगळं होतं: तो पडदा आता नाही, मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा आहे, बेडवर कुणी नाही, बाहेर उजेड आहे. 'तेव्हा' आणि 'आता' यांच्यातले फरक शरीराला डोळ्यांनी, कानांनी दाखवावे लागतात. नुसतं मनाला समजावून भागत नाही.

डोस तपासण्याचंही तसंच. तुमच्या विभागाच्या नियमात दुसऱ्या सिस्टरसोबत दुहेरी तपासणी असेल तर ती तशीच राहणार, तिला थेरपी हात लावत नाही. नियमात आहे तेवढं तपासणं काम, त्यापुढचं प्रत्येक तपासणं भीतीला खुराक. म्हणून आपण नियमाची रेघ कागदावर लिहून काढतो आणि तिच्यावरचं एकेक कमी करतो. पाचाचे चार, चाराचे तीन. दरवेळी आधी लिहायचं, काय होईल असं वाटतंय, आणि शिफ्ट संपल्यावर काय झालं ते.

इतर पद्धती थोडक्यात. ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांची, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेली. त्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे फिरवायचे असतात. डोळे फिरवण्याने नेमकं काय होतं यावर वाद चालूच आहे, पण पद्धत उपयोगी पडते. ज्यांना सगळं शब्दांत सांगवत नाही त्यांना ती सोपी जाते. लिखित एक्स्पोजर थेरपी ही माझी आवडती, खास तुमच्या वेळापत्रकाच्या लोकांसाठी. पाच सेशन, प्रत्येकात अर्धा तास हाताने प्रसंग लिहायचा, घरचा अभ्यास नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ती बारा सेशनच्या सीपीटीपेक्षा कमी ठरली नाही, आणि मधेच सोडणारेही तिच्यात कमी होते. एक रात्र नसून अशा अनेक रात्रींची रांग असेल तर नॅरेटिव्ह एक्स्पोजर बघा. त्यात जन्मापासूनची जीवनरेषा जमिनीवर दोरीने मांडतात, चांगल्या प्रसंगांना फुलं, वाईटांना दगड, आणि मग क्रमाने एकेका दगडापाशी थांबतात. साथीच्या काळात महिनोन्महिने मृत्यू पाहिलेल्यांना "कोणता प्रसंग?" असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, त्यांना ही पद्धत बरी पडते.

यातली कोणतीही नीट, पूर्ण झाली तर पुष्कळ लोक बरे होतात. निदानाच्या निकषांतच बसेनासे होतात. सगळे नाही. काही मधेच सोडतात, काहींना दुसरी पद्धत लागते. जे चालत नाही तेही सांगतो: घटनेनंतर लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून सविस्तर बोलायला लावणारं एकवेळचं डीब्रीफिंग. त्याने पीटीएसडी टळत नाही असं अभ्यासांत दिसलंय, काहींचं नुकसानही झालंय. तुमच्या विभागात तसं झालं असेल आणि उपयोग झाला नसेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

औषधांचं. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन यांना आधार आहे, विशेषतः सोबत नैराश्य असेल तर. स्वप्नांसाठी प्राझोसिन काहींना लागू पडतं, पण २०१८ च्या मोठ्या अभ्यासात ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही. द्यायचं की नाही हे सायकियाट्रिस्टने तुम्हाला बघून ठरवावं. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या मात्र पीटीएसडीवरचा उपचार नव्हेत. त्या घेऊन एक्स्पोजर केलं तर शिकणंही अर्धवट होतं.

इथे तुम्हाला सरळ विचारतो, कारण तुमच्या पेशात विचारायलाच हवं. औषधांच्या ट्रॉलीतलं काही झोपेसाठी घेता का? दारू वाढली आहे का? मरून जावं असं वाटतं का? ज्यांना डोस माहीत असतात आणि औषध हाताशी असतं, त्यांच्यात विचार आणि कृती यांच्यातलं अंतर कमी असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर हे उत्तर इथेच वाचायचं थांबवा आणि आजच कुणालातरी सोबत घेऊन सायकियाट्रिस्टकडे किंवा इमर्जन्सीत जा. तुमच्या स्वतःच्या हॉस्पिटलमध्येच जायला हवं असं नाही.

थेरपिस्टही शक्यतो तुमच्या हॉस्पिटलबाहेरचा बघा. कॅन्टीनमध्ये ज्याच्याशी नजरानजर होते त्याला त्या रात्रीचं सगळं सांगता येत नाही. पहिल्या फोनवर विचारा: पीटीएसडीसाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? प्रसंगावर प्रत्यक्ष काम करता का, की तणाव कमी करण्याच्या युक्त्या शिकवता? किती सेशन? प्रगती कशाने मोजता? नोंदी कोण बघू शकतं, आणि नोंदणी परिषदेला किंवा मालकाला काही कळवणं तुमच्यावर कधी बंधनकारक असतं? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. आयसीयू त्याला माहीत नसेल तर चालतं, त्याने विचारलं पाहिजे एवढंच. तुम्ही दोन सेशन त्याला व्हेंटिलेटर समजावण्यात घालवले, तर तेही कामसू टाळणंच समजा आणि त्याला तसं सांगा.

राहिला नवरा. ती रात्र त्याला मिनिटामिनिटाने सांगायची गरज नाही, ती सेशनची जागा आहे. त्याला तीन गोष्टी कळल्या तर पुरे: मला हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे, पुढचे दोन-तीन महिने काही संध्याकाळी मी सेशनहून गप्प येईन, तेव्हा प्रश्न न विचारता जेवायला बसवायचं, आणि मी एखादी गोष्ट टाळायला लागले, समजा नसलेली जादा ड्यूटी मागून घेतली, तर ती तुझ्या डोळ्याला माझ्याआधी दिसेल, तेव्हा सांग. शक्य असेल तर एका सेशनला त्याला सोबत न्या. झोपेत तुम्ही उठून बसता तेव्हा त्याने हलवून जागं करू नये. दूर राहून नावाने हाक मारावी आणि दिवा लावावा. हे त्याला आजच सांगा, त्यासाठी थेरपी सुरू व्हायची वाट बघू नका.